भाव काट्यावर ठरतो, पण त्याआधी अंगणात

शेतातला जळालेला मोटरपंप, धानाच्या गिरणीतून निघालेला जुना हलर, आजीच्या काळातला पितळी गुंड, गंजलेला कूलर. गोंदिया जिल्ह्यातल्या घरांतून असं काही ना काही कबाड्याकडे जात असतं आणि माल देऊन आलेल्याला हमखास वाटतं की आपल्याला फसवलं. कधी ते खरंही असतं. पण नुकसानाचा मोठा भाग घासाघीस सुरू होण्याआधीच, आपल्याच अंगणात झालेला असतो आणि त्यामागे काही पक्के समज असतात.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे ‘सगळं एकदमच काट्यावर टाका, कशाला निवडत बसता’. भंगारात एक साधा नियम चालतो: मिसळलेल्या मालाला त्यातल्या सर्वांत स्वस्त धातूचा भाव लागतो. समजा वीस किलोच्या पोत्यात सतरा किलो लोखंड, दोन किलो पितळ आणि एक किलो तांबं आहे. हिशेबापुरतं लोखंड तीस रुपये, पितळ चारशे आणि तांबं सातशे रुपये किलो धरू. सगळं लोखंडात गेलं तर हाती ६०० रुपये येतात. वेगळं करून दिलं तर ५१० अधिक ८०० अधिक ७००, म्हणजे २,०१० रुपये. अर्ध्या तासाच्या निवडण्याने रक्कम तिपटीहून जास्त झाली. प्रत्यक्ष भाव रोज बदलतात, हे गणित बदलत नाही.

शेतकऱ्याच्या मोटरपंपात हा फरक सर्वांत मोठा असतो. बाहेरची बॉडी बहुधा बिडाची, आत पोलादी पत्र्यांचं स्टॅम्पिंग, त्यात गुंडाळलेली तांब्याची वायंडिंग, आणि काही पंपांत इम्पेलर पितळी किंवा गनमेटलचा. मोटर अख्खी दिली तर कबाडी आतल्या तांब्याचा अंदाज करतो, आणि अंदाज करणारा स्वतःच्या बाजूने सावध राहणारच. ओळखीच्या मेकॅनिककडून ती उघडून घेतली तर अंदाजाची जागा वजन घेतं. मात्र स्वस्त मोटरींत आणि पंख्यांत तांब्याऐवजी अल्युमिनियमची वायंडिंगही असते, वर लाखेचा थर असल्याने ती तांब्यासारखीच दिसते. तार चाकूने खरवडली की आतला पांढरा रंग लगेच कळतो. आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. मोटर रिवाइंड करायला दिली की जळालेली जुनी तार तुमचीच असते. ती परत मागा, नाहीतर बिलातून तिची किंमत वजा करून घ्या. फ्रिजचा कंप्रेसर मात्र घरी फोडू नका, त्यात दाबाखालचा गॅस आणि तेल असतं.

‘वायर जाळली की तांबं मोकळं होतं आणि भाव चढतो’ हा समज मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण हे काम बहुधा पोरांकडून करवलं जातं. वायरीवरचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, शिवाय डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यंही तयार होतात. आणि एवढं करून भाव पडतोच. जळालेली तार काळी, ठिसूळ होते आणि तिचा दर्जा उतरतो. सोललेल्या स्वच्छ, चकचकीत तारेला भंगाराच्या तांब्यात सर्वांत वरचा भाव मिळतो. जाड वायर चाकूने सोला. बारीक वायर सोलत बसणं परवडत नाही, ती प्लास्टिकसकट वेगळ्या ढिगात विका.

‘चुंबक चिकटलं नाही, म्हणजे माल भारी’ हे अर्धंच खरं आहे. चुंबक लोखंड वेगळं काढायला उत्तम. पण स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ दर्जाच्या पोलादात साधारण आठ टक्के निकेल असतं आणि किंमत त्या निकेलची असते. कमी निकेलच्या २०० मालिकेच्या पोलादालाही चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर दोन्हींतला फरक कळत नाही. उलट पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी वस्तूला चुंबक चिकटतं आणि तिचं खरं रूप कळतं. मुलामा जस्तावर असेल तर चुंबक गप्प राहतं, तिथे कडेला कानस घासून पाहावी.

आता पितळ. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत तो भंडाऱ्याचा भाग होता, आणि भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. त्यामुळे इकडच्या जुन्या घरांत गुंड, गंज, घंगाळ, पराती अजून सापडतात. ‘जुनं भांडं म्हणजे मोडीचंच’ असं समजून ती सरसकट पितळेच्या भावात विकली जातात. दोन गोष्टी आधी तपासा. त्यातलं काही काशाचं आहे का? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. कथील जस्तापेक्षा कितीतरी महाग, म्हणून काशाला वेगळा, चढा भाव मागायला हवा. काशाच्या थाळीवर टिचकी मारली की नाद लांबवर घुमतो. दुसरं, भांडं धड असेल तर ते भांडं म्हणून घेणारं गिऱ्हाईक आधी शोधा. वितळवण्याचा भाव हा त्याचा शेवटचा भाव आहे.

मोबाइलवर तांब्याचा भाव पाहून तेवढाच मागणारेही पुष्कळ. तो भाव बहुधा एमसीएक्स या वायदेबाजारातला असतो. तिथला सौदा अडीच टनांचा असतो, आणि तोही शुद्ध केलेल्या तांब्याचा. आपली पाच किलो तार फेरीवाला, दुकानदार, ठोक व्यापारी असे हात बदलत भट्टीपर्यंत जाते. प्रत्येक टप्प्यावर गाडीभाडं, घट आणि नफा वजा होतो. लोखंडाचंही तसंच. आपल्या रेल्वेमार्गावर भट्ट्यांचं मोठं केंद्र म्हणजे रायपूरजवळचं उरला आणि सिलतरा. तिथे मागणी बसली की गोंदियात भाव उतरतो, त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही. मोबाइलवरचा आकडा भाव चढतोय की उतरतोय एवढं पाहण्यासाठी वापरा. खरा भाव कळतो तो एकाच दिवशी, त्याच मालासाठी तीन दुकानांत विचारल्यावर.

‘इलेक्ट्रॉनिक काटा खोटं बोलत नाही’ यावरही विसंबू नये. अशा काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते आणि त्यावर तशी मुद्रा असते. ती पाहायला मागा. रिकामा काटा शून्य दाखवतो ना, हे पाहा. घरून निघताना एखादी वस्तू किराणा दुकानात तोलून न्या आणि तीच आधी कबाड्याच्या काट्यावर ठेवा. वजनात मारणं हा फक्त विकणाऱ्याचाच गुन्हा असतो असं लोक धरून चालतात. पण वैधमापन कायदा २००९ च्या कलम ३० नुसार खरेदी करताना लबाडीने जास्त माल उतरवून घेणंही गुन्हाच आहे.

‘जीएसटी कापला’ म्हणून पैसे कमी देणारा भेटला तर शांतपणे विचारा, कुठला? घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस व्यापार करत नसतो, त्याच्यावर हा कर नाही. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचं भंगार घेतलं, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून कर भरायची जबाबदारी घेणाऱ्या व्यापाऱ्यावर आहे.

इन्व्हर्टरची बॅटरी वजन हलकं करायला किंवा शिसं काढायला फोडू नका, त्यातलं आम्ल नालीत ओतू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी अख्खी दुकानात दिली की किमतीत सूट मिळते, बऱ्याचदा ती भंगारापेक्षा बरी पडते.

राहिला ‘भंगाराला कसली पावती’ हा समज. गोंदिया हे जंक्शन, गावोगाव महावितरणच्या तारा, त्यामुळे भंगारात चोरीचा माल मिसळण्याची भीती असते आणि पावती त्यासाठीच हवी. रेल्वेचं लोखंड अधिकृतपणे ई-लिलावातून विकलं जातं. चोरीचा रेल्वेमाल बाळगणंसुद्धा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वीजवाहिन्यांची चोरी वीज कायदा २००३ च्या कलम १३६ मध्ये येते. रुळाजवळ पडलेला तुकडा पोराने उचलून आणला असेल तर तो पोत्यात घालू नका. जो दुकानदार ओळखपत्र मागतो आणि पावती देतो, त्याच्यावर रागावू नका, तोच तुमचा माल सचोटीने तोलण्याची शक्यता जास्त. एमएच-३५ ची जुनी स्कूटर विकत असाल तर सुटे भाग होण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करा, शक्यतो नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या. नोंदणी तुमच्या नावावर असेपर्यंत त्या गाडीबद्दलची विचारणा तुमच्याच दारात येईल.