सह्याद्रीच्या पोटात अडलेला लोहमार्ग

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना कोकणाशी जोडणाऱ्या कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. या मार्गाची लांबी आहे अवघी १०३ किलोमीटर. तो उभारण्यासाठी २०१६मध्ये कोकण रेल्वेने खासगी भागीदाराशी करारही केला होता. पुढे भागीदाराने माघार घेतली आणि प्रकल्प मागे पडला. निधीअभावी मार्ग रखडला, असे सर्रास म्हटले जाते. मात्र निधी एवढा का लागतो, याचे उत्तर सह्याद्रीच्या पोटात दडलेले आहे.

कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर, तर चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. हा फरक १०३ किलोमीटरमध्ये सारखा विभागला गेला असता, तर अडचण नव्हती. परंतु कोयनेच्या खोऱ्यापर्यंत जमीन उंचच राहते आणि कुंभार्ली घाटात काही किलोमीटरच्या हवाई अंतरात सुमारे ५०० मीटर कोसळते. याच उतारावर कोयनेचे पाणी सोडून वीज तयार होते. विजेला जे वरदान ठरले, तेच रेल्वेला अडसर ठरले आहे.

उताराचे गणित

कोकण रेल्वेची आखणी १५० मीटरला एक मीटर चढ, या कमाल प्रमाणाने झाली. त्याच प्रमाणाने ५०० मीटर उतरायचे, तर ७५ किलोमीटर लोहमार्ग लागेल. शंभराला एक हे प्रमाण धरले, तरी ५० किलोमीटर लागतात. बोरघाटाप्रमाणे ३७ला एक चढ स्वीकारल्यास अंतर साडेअठरा किलोमीटरवर येते. मात्र प्रत्येक जड गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. मालवाहतुकीसाठी मार्ग हवा असेल, तर डोंगराच्या आतून वळणे घेत उतरणारे लांब बोगदे खोदण्यावाचून गत्यंतर नाही.

पाणी आणि भूकंप

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, म्हणजे सर्वसाधारणपणे भक्कम. परंतु लाव्हाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो आणि तेथून पाणी झिरपते. वरून खाली खोदत गेल्यास हे पाणी खोदकामाच्या तोंडाशी साचते. त्यामुळे मुख्य खोदाई कोकणच्या बाजूने वर चढत करणे सोयीचे. कोकण रेल्वेलाही कठीण कातळापेक्षा पेडणे येथील मऊ मातीच्या बोगद्यानेच अधिक छळले होते.

हा परिसर भूकंपप्रवणही आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. लहान धक्के आजही जाणवतात. कोयनेचे भूमिगत वीजगृह या भागात उभे राहिले, तेव्हा काम अशक्य नाही. पण बोगद्याची रेषा भूस्तरातील भेगा टाळून आखावी लागेल. त्यातच माथ्यावर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा परिसर असल्याने खोदकाम जलद व्हावे म्हणून मधूनच उभे कूप पाडण्यालाही मर्यादा येतात.

सरासरीचा फसवा आकडा

प्रकल्पाचा खर्च सुमारे ३,२०० कोटी रुपये धरण्यात आला होता. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी ३१ कोटी. मात्र कराडकडील सपाटीचा एक किलोमीटर आणि घाटाखालील एक किलोमीटर यांची किंमत एकसारखी असू शकत नाही. बोगद्यात ऐनवेळी लागणारे पाणी व मऊ थर अंदाजपत्रकाला ठाऊक नसतात. ही जोखीम नफ्याचा हिशेब पाहणाऱ्या भागीदाराला परवडणे कठीण. काश्मीरमधील अकरा किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा २०१३मध्ये खुला झाला, तो सरकारी तिजोरीच्या बळावर.

आज सांगली, मिरज वा किर्लोस्करवाडीचा माल रेल्वेने कोकणात न्यायचा, तर पुणे-पनवेल किंवा लोंढा-मडगाव असा वळसा पडतो. तो टाळायचा असेल, तर नव्या घोषणेपूर्वी घाटाखालच्या कातळाची सखोल चाचणी व्हायला हवी. बोगद्याचा खरा खर्च त्यातूनच कळेल, आणि तो सरकार उचलणार की नाही, याचे उत्तरही मागता येईल.