कुकडीची घळई आणि पाण्याचा हिशेब

निघोजजवळ कुकडी नदीने काळ्या बेसाल्टात कोरलेली घळई आणि तिच्यातील रांजणखळगे पाहावयास दूरदूरचे लोक जातात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खडकाच्या खाचेत गरगरत राहतात आणि ती खाच रांजणासारखी खोल करीत जातात. एका तीरावर पारनेर, दुसऱ्यावर शिरूर; दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. हे वाळवंट नव्हे. परंतु तहान येथील जुनीच सोबतीण आहे.

घळई कोरणारे पाणी मात्र येथले नव्हे. ते जुन्नरच्या पश्चिमेस, चावंड किल्ल्याच्या परिसरात, सह्याद्रीवर पडते. त्याच पाण्यावर कुकडी प्रकल्प उभा राहिला. माणिकडोह व येडगाव ही धरणे कुकडीवर, वडज मीनेवर, डिंभे घोडवर आणि पिंपळगाव जोगे आर नदीवर. पाचही धरणे जुन्नर-आंबेगावात. कालवे मात्र श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेले. त्या दुष्काळी मुलखाला पाणी मिळावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो किंमत कोणी मोजली, हा.

डिंभे धरणात तालुक्याला नाव देणारे जुने आंबेगावच बुडाले. आदिवासींची खाचरे पाण्याखाली गेली. जलाशय दारात आणि उन्हाळ्यात घागर डोक्यावर, ही विसंगती डोंगरातील वाड्यांना नवी नाही. धरणाच्या खाली नारायणगाव-मंचरच्या बाजूस ऊस, द्राक्षे, टोमॅटो पिकले, बाजारपेठा वाढल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत लाभ एकाचा आणि व्यय दुसऱ्याचा, असा हा व्यवहार झाला.

डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात नेण्याच्या प्रस्तावावरून अलीकडे उठलेला वाद याच विसंगतीतून जन्मला. त्यास केवळ तालुक्यातालुक्यांचा मत्सर म्हणणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. पाण्याचे अंदाजपत्रक कालव्याच्या मुखाशी सुरू होते आणि भिजलेल्या क्षेत्राशी संपते. वरच्या वाडीची घागर व खालच्या घळईतील प्रवाह त्यात कोठेच बसत नाहीत.

म्हणून हिशेब संपूर्ण खोऱ्याचा मांडला पाहिजे. त्यात पहिला वाटा पिण्याच्या पाण्याचा, आणि तोही धरणासाठी जमीन देणाऱ्यांपासून सुरू होणारा. त्यानंतर शेती; आणि तीतही बारमाही उसाआधी अनेकांची हंगामी पिके. निघोजच्या खडकाला आकार देण्यास नदीला युगे लागली. वाटपाचा अन्याय दूर करण्यास आपणांस तेवढा अवधी मिळणार नाही.