सीमेवरील सुभेदार आणि ‘रानटी’ लोक

‘बार्बरस’ हा शब्द मूळ ग्रीकांचा. ज्याचे बोलणे कानाला नुसते ‘बर बर’ असे लागते, तो बार्बरस. संस्कृतातील ‘बर्बर’ या शब्दाशी त्याचे साम्य उघड आहे. अशा नावातून त्या लोकांविषयी फारसे काही कळत नाही. नाव ठेवणाऱ्यास त्यांची भाषा येत नव्हती, एवढे मात्र निश्चित कळते.

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास आपला सासरा अग्रिकोला याचे चरित्र लिहिले. अग्रिकोला हा ब्रिटनचा सुभेदार होता. त्याचा प्रतिपक्षी कॅल्गॅकस याच्या तोंडी टॅसिटसने रोमन लोभाचा धिक्कार करणारे भाषण घातले आहे. भाषण प्रभावी खरे, पण ते लॅटिनमध्ये आहे आणि सुभेदाराच्या जावयाने रचलेले आहे!

आपल्याकडे याच्याशी ताडून पाहण्याजोगे प्रकरण खानदेशचे होय. १८१८ मध्ये हा प्रांत इंग्रजांकडे आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावी भिल्लांचे पथक उभारले. वाघांच्या शिकारीतील धाडसाने त्याने रानटी भिल्लांना जिंकले, ही कथा त्याच्या चरित्रात रंगवून सांगितलेली आढळते. परंतु त्याच काळच्या सरकारी लिखाणातून वेगळी हकीकत हाती लागते. भिल्ल हे गावांचे जागले व घाटांचे रखवालदार असून त्याबद्दल त्यांना ठरीव हक्क मिळत. होळकरी धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ती व्यवस्था मोडली व लुटालूट वाढली. तेव्हा ज्याला रानटीपणा म्हटले गेले, त्यात थकलेल्या हक्कांचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे त्याच्या भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली. घाट तोच, नाईकही तोच; कालचा रखवालदार मात्र आता लुटारू ठरला. रोमन सैन्यात वाढलेल्या आर्मिनियसनेही इ. स. ९ मध्ये व्हारस या सुभेदाराच्या तीन पलटणी ट्यूटोबर्गच्या अरण्यात बुडविल्या होत्या. पण पुढे सुमारे शतकाने टॅसिटसने त्याला जर्मनीचा मुक्तिदाता म्हटले. खाज्याला इंग्रज लेखकांत असा टॅसिटस लाभला नाही.

‘भिल्ल’ हे नाव धनुष्यवाचक द्राविड ‘बिल्’ या शब्दावरून आले असे पुष्कळ अभ्यासक मानतात. भिल्ली बोली मात्र आज आर्यकुलातील आहेत. या बोलींचे एकत्र वर्णन ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. औट्रमचे पथक उभे राहून तोवर ८२ वर्षे लोटली होती.