पेल्यात ६३ परार्ध

दोनशे मिलिलिटरचा एक पेला पाणी घ्या. त्यात लिटरला एक मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, म्हणजे ते भारतीय मानकात अगदी नेमके बसते, असे धरा. त्या पेल्यात फ्लोराइडचे सुमारे ६३ परार्ध आयन असतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली संख्यांची नावे परार्धाला येऊन संपतात. ‘तुमच्या पाण्यात अब्जावधी विषारी कण’ असा मेसेज मोबाइलवर आला, तर तो आकडा फुगवलेला नाही. उलट कोट्यवधी पटींनी कमीच सांगितलेला आहे.

आता तोच पेला दुसऱ्या बाजूने पाहू. त्यातल्या प्रत्येक फ्लोराइड आयनामागे पाण्याचे सुमारे साडेदहा लाख रेणू आहेत. लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजेच एक पीपीएम; पंधरा-वीस किलो तांदळात एकच दाणा वेगळा असावा, तसे हे प्रमाण. दोन्ही आकडे खरे आहेत. घाबरवायचे असेल तर पहिला सांगावा, धीर द्यायचा असेल तर दुसरा. फ्लोराइडवरचा निम्मा वाद असा सोयीचा आकडा उचलून चालतो. शरीराला मात्र यातला कोणताच आकडा कळत नाही. रोज किती मिलिग्रॅम पोटात गेले, ते किती वजनाच्या माणसाच्या पोटात गेले आणि किती वर्षे जात राहिले, एवढाच हिशेब त्याला कळतो.

म्हणून आधी पट्टी नीट मांडून घेऊ. अमेरिकेत नळाच्या पाण्यात मुद्दाम घातल्या जाणाऱ्या फ्लोराइडचे शिफारस केलेले प्रमाण ०.७ पीपीएम आहे. भारतीय मानक ब्युरोची इष्ट मर्यादा १ पीपीएम; दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. समुद्राच्या पाण्यात १.३ पीपीएम फ्लोराइड असते, म्हणजे फक्त फ्लोराइडपुरते बोलायचे तर जुहूची लाट आपली इष्ट मर्यादा ओलांडते. साऱ्या महासागरांचा हिशेब केला तर तो पावणेदोन लाख कोटी टनांच्या घरात जातो. अमेरिकेची कायदेशीर कमाल मर्यादा ४ आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टला १,००० पीपीएमची मर्यादा आहे. केनियातल्या नाकुरू सरोवराच्या पाण्यात २,८०० पीपीएमपर्यंत नोंद झाली आहे. आणि दंतवैद्य मुलांच्या दातांवर जे फ्लोराइड वार्निश लावतात, त्यात २२,६०० पीपीएम असते. ०.७ पासून २२,६०० पर्यंत ही उडी बत्तीस हजार पटींची आहे. एकच पदार्थ, आणि या सगळ्या टोकांना ‘फ्लोराइड’ हा एकच शब्द.

यातला टूथपेस्टचा आकडा पाहून धडकी भरते. पाण्याला एक आणि पेस्टला हजार? पण पाणी लिटरने पोटात जाते आणि पेस्ट ग्रॅमने तोंडात जाऊन थुंकली जाते. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. तिच्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. दोन वेळा घासून ती सगळी गिळली, तरी अर्धा मिलिग्रॅम. याउलट तीन पीपीएमच्या बोअरचे पाणी पाव लिटर प्यायले, तर एका दमात पाऊण मिलिग्रॅम पोटात जाते. अशा गावात न्याहारीच्या वेळचा एक तांब्या दिवसभराच्या ब्रशवर मात करतो.

पेस्ट मुळात गिळण्यासाठी नसतेच. दाताच्या वरच्या आवरणातली खनिजे आम्लात विरघळतात आणि हे आम्ल तोंडातले जंतू साखरेपासून बनवतात. तोंडातला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की झीज सुरू होते. आवरणात फ्लोराइड मिसळून जे स्फटिक तयार होतात, ते सामू ४.५ च्या आसपास येईपर्यंत तग धरतात. सामूच्या मापात एक अंक म्हणजे आम्लता दहापट, त्यामुळे हा एका अंकाचा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. हे सगळे दाताच्या पृष्ठभागावर घडते. पूर्वी समज असा होता की फ्लोराइड पोटात जाऊन, उगवणाऱ्या दातात मुरले तरच उपयोग. आता मुख्य काम वरून लागण्याचे आहे, हे मान्य झाले आहे.

लहान मुलांचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण त्यांना थुंकता येत नाही आणि गोड पेस्ट आवडते. दहा किलो वजनाचे मूल समोर धरा. किलोमागे पाच मिलिग्रॅम फ्लोराइड एकाच वेळी पोटात गेले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा, असा वैद्यकीय ठोकताळा आहे. या मुलासाठी ते ५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे शंभर ग्रॅमची अर्धी ट्यूब. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सांगतात. तिच्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. धोक्याची पातळी तिच्या पाचशे पट दूर आहे. पण जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढली की साधारण एक ग्रॅम पेस्ट येते, म्हणजे एक मिलिग्रॅम फ्लोराइड. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सर्व मिळून १.३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकी तज्ज्ञांची मर्यादा आहे. दोन वेळा लाट काढून गिळू दिली की ती मोडली. एकदोनदा असे झाल्याने काही होत नाही. वर्षानुवर्षे होत राहिले, तर येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे ठिपके उमटू शकतात. म्हणून ट्यूब मुलाच्या हाती न देता पेस्ट मोठ्यांनी लावून द्यावी, एवढीच काळजी पुरते.

गंमत अशी की फ्लोराइडचा फायदा माणसाला कळला तो अपायाचा माग काढताना. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला, तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी. डाग पडलेले हे दात किडत मात्र कमी होते. तीस वर्षे कारण सापडेना. १९३१ साली तसेच डागाळलेले दात असलेल्या आर्कान्सामधल्या बॉक्साइट गावचे पाणी अल्युमिनियम कंपनीच्या एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि त्यात १३.७ पीपीएम फ्लोराइड निघाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावचे दात आणि पाणी ताडून पाहिले. एक पीपीएमच्या आसपास कीड कमी होते आणि डाग जेमतेम दिसतात, असे त्यांना आढळले. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात जगात पहिल्यांदा मुद्दाम फ्लोराइड मिसळले गेले. अकरा वर्षांनी, त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतली कीड साठ टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली.

मात्रा चुकली की काय होते, याचे दाखलेही अमेरिकेतलेच आहेत. नोव्हेंबर १९४२ मध्ये ओरेगनच्या सरकारी मनोरुग्णालयात झुरळे मारायची सोडियम फ्लोराइडची पावडर दुधाची पावडर समजून अंड्यांत पडली. २६३ जण आजारी पडले, ४७ दगावले. १९९२ साली अलास्कातल्या हूपर बे गावात फ्लोराइड सोडणारी यंत्रणा बिघडली. नळाच्या पाण्यातले प्रमाण १५० पीपीएमपर्यंत चढले, सुमारे तीनशे लोकांना बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. तेव्हा फ्लोराइडला विष म्हणणारा खोटे बोलत नाही. तो फक्त शून्ये गाळून बोलतो.

मग आज अमेरिकेत वाद कशावर आहे? त्याचे आकडे फार छोटे आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये पुरावे पुन्हा तपासले. १९७५ नंतरच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलामागे सरासरी ०.२४ दुधाचा दात किडण्यापासून वाचलेला दिसला, म्हणजे चार मुलांमागे एक दात. त्याआधीच्या काळात हा फायदा याहून खूप मोठा होता. मधल्या काळात फ्लोराइडची पेस्ट घरोघरी पोचली आणि पाण्याच्या वाट्याचे काम तिने उचलले. तरी उरलेला फायदा शून्य नाही. कॅनडातल्या कॅल्गरीने २०११ साली पाण्यात फ्लोराइड घालणे थांबवले. सात-आठ वर्षांनी तिथल्या दुसरीतल्या ६४.८ टक्के मुलांचे दात किडलेले होते; फ्लोराइड चालू ठेवलेल्या एडमंटनमध्ये हे प्रमाण ५५.१ टक्के होते. २०२५ मध्ये कॅल्गरीने ते पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी बंद केले.

बंद करणाऱ्यांच्या हातात मुलांच्या बुद्ध्यांकाचा मुद्दा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये निष्कर्ष काढला की १.५ पीपीएमच्या वरच्या पाण्याचा आणि मुलांच्या कमी बुद्ध्यांकाचा संबंध मध्यम खात्रीने सांगता येतो; ०.७ बद्दल ठरवायला मात्र पुरेशी माहिती नाही. २०२५ च्या आरंभी ७४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातले सर्वाधिक अभ्यास चीनमधले, त्याखालोखाल भारतातले होते. अमेरिकेतला एकही नव्हता. म्हणजे जी बातमी वाचून अमेरिकेतली शहरे नळाच्या पाण्याची चिंता करतात, त्या बातमीतली बरीच मुले आपल्याकडच्या हातपंपाचे पाणी पिणारी आहेत.

भारतात पाण्यात फ्लोराइड कोणी घालत नाही. इथे ते खडकातून येते. तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात हाडे ताठरणाऱ्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ मध्ये झाली. १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी नलगोंड्यातल्या तरुण मुलांचे आत वळलेले गुडघे जगासमोर मांडले. ग्रॅनाइटसारख्या खडकातली फ्लोराइडयुक्त खनिजे पाण्यात हळूहळू विरघळतात. बोअर जितकी खोल, तितके पाणी जुने आणि खडकाशी त्याचा सहवास तितका दीर्घ. आपल्याकडे नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांना हा शाप आहे. देशभरात सहा कोटींहून अधिक लोकांना फ्लोरोसिस, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे दात-हाडांना होणारा विकार, असल्याचा अंदाज या शतकाच्या उंबरठ्यावर मांडला गेला. ही संख्या महाराष्ट्राच्या तेव्हाच्या निम्म्या लोकसंख्येपेक्षा मोठी होती.

यातही एक गुणाकार दडलेला आहे. मर्यादा ठरवताना प्रौढ माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो, असे धरतात. मे महिन्यात बांधावर राबणारा मजूर पाच लिटर सहज पितो. त्याच्यासाठी १.५ पीपीएमचे ‘चालण्यासारखे’ पाणीही साडेसात मिलिग्रॅम देते. तीन पीपीएमचे असेल तर रोजचे पंधरा मिलिग्रॅम. दहाच्या वर रोज, दहाएक वर्षे गेले की हाडांचा फ्लोरोसिस होऊ शकतो, असा अनुभव आहे. मूत्रपिंडे काही भाग बाहेर टाकतात; उरलेला जवळजवळ सगळा हाडांत साठतो. आधी कंबर धरते, मग मान वळेनाशी होते, मग खाली बसून उठता येत नाही. यावर उतारा नाही, फक्त पाणी बदलणे हाती असते.

पाणी बदलायची एक युक्ती नागपूरच्या नीरी या संस्थेने सत्तरच्या दशकात काढली. नलगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. बादलीभर पाण्यात चुना आणि ब्लिचिंग पावडर कालवायची, मग तुरटीचे पाणी ओतून दहा मिनिटे सावकाश ढवळायचे. पाणी दुधट होते, त्यात कापसासारखे पुंजके धरतात. तासाभरात ते फ्लोराइडला घेऊन तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे. लिटरमागचे तीन-चार मिलिग्रॅम काढायला काही शे मिलिग्रॅम तुरटी लागते. तुरटीची मात्रा चुकली तर पाण्यात अल्युमिनियम उरते, आणि खालचा गाळ रोज कुठेतरी टाकावा लागतो. शे-दीडशे घरांच्या गावात हे रोज, न चुकता, वर्षानुवर्षे करायचे म्हणजे काय, ते ज्या घरात पाणी भरले जाते तिथेच कळते. उकळून तर हे काम अजिबात होत नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते.

तेव्हा टूथपेस्टच्या ट्यूबवर शंका घेणाऱ्याने आधी आपल्या बोअरच्या पाण्याचा आकडा विचारावा. शहरात धरणाचे पाणी येत असेल, तर त्यात फ्लोराइड बहुधा कमीच असते. तिथे पेस्टमधले फ्लोराइड मुलांचे दात वाचवते. पाण्यातच तीन-चार पीपीएम असेल, तर लहान मुलांना बिनफ्लोराइडची पेस्ट द्यावी हा सल्ला योग्य आहे, पण मुख्य उपाय पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी बदलणे हाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. तो उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा, कारण पातळी खाली गेली की त्याच बोअरचा आकडा बदलू शकतो. अहवाल हातात आला की ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ या शेऱ्यावर थांबू नये. शेजारच्या रकान्यातला आकडा वाचावा आणि घरात सगळ्यात जास्त पाणी कोण पिते, त्या माणसाच्या लिटरने त्याला गुणावे.