टोकियोंतील मराठी बिऱ्हाड

परदेशीं राहणाऱ्या आपल्या माणसांविषयीं आपल्याकडे दोनच प्रकारचें बोलणें ऐकूं येतें. एक, तीं मोठ्या सुखांत आहेत असें. आणि दुसरें, तीं आपल्याला विसरलीं असें. २०२५ सालीं मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत मी व आमची मंडळी टोकियो शहरीं मुलाच्या बिऱ्हाडीं राहून आलों. यांपैकीं एकाचाहि प्रत्यय मला तेथें आला नाहीं. दृष्टीस पडला तो एक साधा संसार. परंतु त्या संसारापुढें त्या वसंतांत एक अवघड प्रश्न उभा होता. सहा वर्षांच्या नातीला कोणत्या शाळेंत घालावयाचें, हा तो प्रश्न. सारा जन्म प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेल्या मला त्यांत पहिल्यानें अवघड असें कांहींच वाटलें नव्हतें, हें मी आरंभींच कबूल करतों.

बिऱ्हाड आहे एदोगावा प्रभागांतील निशिकासाई या वस्तींत. टोकियोच्या प्रभागांत सर्वांत अधिक भारतीय याच प्रभागांत राहतात, आणि त्याचें कारण मोठें गमतीचें आहे. सन २००० उजाडतांच जगांतील गणकयंत्रें तारखेचा घोटाळा करतील अशी धास्ती पडली होती. तिच्या निवारणासाठीं बरेच भारतीय तंत्रज्ञ टोकियोस गेले. बँकांच्या व पेढ्यांच्या मोठ्या कचेऱ्या ओतेमाची भागांत. तेथून तोझाई नांवाची आगगाडी सरळ निशिकासाईला येते. जेथें गाडी न बदलतां जातां येतें तेथें बिऱ्हाडें झालीं, बिऱ्हाडांमागून डाळी-पोह्यांचीं दुकानें आलीं. २०१९ च्या एप्रिलांत योगेंद्र पुराणिक या, जपानचें नागरिकत्व घेतलेल्या, मराठी गृहस्थांस एदोगावाच्या मतदारांनीं प्रभागसभेवर निवडून दिलें. हेच गृहस्थ २०२३ च्या एप्रिलांत इबाराकी प्रांतांतील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मला या दुसऱ्या गोष्टीचें कौतुक अधिक वाटलें, तें कां हें श्रोत्यांस सांगावयास नकोच.

दोन्ही वेळीं एप्रिलच महिना आला, याचें नवल वाटावयास नको. जपानी सरकारचें जमाखर्चाचें वर्ष १८८६ पासून १ एप्रिलला सुरू होतें. आपल्याकडेहि १८६७ पासून तसेंच आहे. परंतु आपल्या येथें ती तारीख हिशेबनिसांपुरती. तेथें सारा देश त्या दिवशीं पान उलटतो. शाळा त्याच सुमारास उघडतात, नवे उमेदवार काळा पोषाख करून त्याच दिवशीं कामावर रुजू होतात, आणि बदल्यांचे हुकूमहि तेव्हांच निघतात. मार्चअखेर आमच्या इमारतीच्या दारांत रोज एक तरी मालमोटार उभी असे. चाळीस घरांतील तीन बिऱ्हाडें माझ्यादेखत हललीं. आपण ज्याला वसंत म्हणून फुलांच्या नांवानें ओळखतों, त्याला सूनबाई “खोक्यांचा महिना” म्हणतात. मुलाचा नोकरीचा करारहि मार्चअखेर वर्षापुरता नवा होतो. तो होईपर्यंत घरांत कोणी मोठी वस्तु विकत घेत नाहीं.

फुलांआधीं मला भेटल्या त्या शिंका. तेथें सुगी नांवाचा एक सूचिपर्णी वृक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इमारती लाकडासाठीं त्याची डोंगरचे डोंगर लागवड झाली, आणि आतां फेब्रुवारीपासून त्याचे पराग शहरांवर उतरतात. नाकाला फडकें बांधलेलीं माणसें पाहून साथ आली कीं काय असें मला वाटलें होतें. आठ दिवसांत माझ्याहि नाकाला फडकें आलें.

आतां साकुराचीं फुलें. शहरांत जिकडे तिकडे जीं फिकट गुलाबी झाडें दिसतात तीं बहुतेक सोमेइ-योशिनो या एकाच जातीचीं आहेत, आणि तीं सर्व कलमें आहेत. आपला हापूस जसा कोयीपासून खात्रीचा येत नाहीं, कलमच बांधावें लागतें, तशीच ही गोष्ट. सारीं झाडें एकाच मूळ झाडाचा अंश, म्हणून एका भागांतील झाडें एकदमच फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदमच झडतात. सरकारी हवामानखात्याचें टोकियोचें नमुन्याचें झाड यासुकुनी देवळाच्या आवारांत आहे. त्यावर पांच-सहा फुलें उमललेलीं दिसलीं कीं बहर सुरू झाल्याचें जाहीर होतें. क्योटोच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या सांपडतात. २०२१ सालीं तेथील बहर २६ मार्चलाच भरास आला. तोंपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लौकर तो कधीं आलेला नव्हता, आणि पृथ्वी तापत चालल्याची ती एक खूण मानतात.

त्या वर्षीं गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारीं आला, हें आमचें भाग्य. एरवीं तेथें पाडव्याची सुटी कोठून मिळणार! धुणें वाळत घालण्याच्या काठीला खण व साखरेची गांठ बांधून सज्ज्यांत गुढी उभी केली. गांठ आम्हीं येथूनच नेली होती. कडुनिंब मिळाला नाहीं. समोरच्या घरच्या आजीबाईंनीं गुढीकडे बराच वेळ पाहून आदरानें मान लवविली.

याच दिवसांत शाळेचा वाद निकरास आला. टोकियोस भारतीय पद्धतीच्या शाळा आहेत. पहिली २००४ सालीं निघाली. तेथें शिक्षण इंग्रजींतून, फी भारी, पण उद्यां परत यावें लागलें तर मूल येथील वर्गांत नीट बसतें. दुसरा मार्ग घराजवळच्या सरकारी शाळेचा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा परदेशीयांच्या मुलांना लागू नाहीं. परंतु आईबापांनीं मागितल्यास सरकारी शाळा त्यांना विनाशुल्क घेते. मुलगा भारतीय शाळेच्या बाजूचा, सूनबाई जपानी शाळेच्या. मी मुलाची बाजू घेतली. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, ती तीन वर्षें येथल्या बालवाडींत गेली आहे. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या शाळेंत जाणार. करार मोडला तर परत जावें लागेल, हें खरें. पण न मोडलेल्या वर्षीं तिनें कोणाशीं खेळायचें?” माझ्याजवळ याला उत्तर नव्हतें. अर्ज जपानी शाळेचा गेला.

मग तयारी. गणिताच्या पेटींतील चिमुकल्या मोजकाड्या, चकत्या, ठोकळे, प्रत्येकावर मुलाचें नांव चिकटवून आणा, अशी शाळेची आज्ञा. तीन रात्री आम्ही चौघें नांवें चिकटवीत बसलों होतों. शाळेची झाडलोट मुलेंच करतात. त्यासाठीं शिवलेलीं फडकीं न्यावीं लागतात. आमच्या मंडळींनीं जुन्या टॉवेलांचीं अशीं सहा फडकीं शिवलीं, आणि मागितलीं दोनच होतीं! प्रवेशाचा दिवस म्हणजे एक समारंभच. आईबाप गडद पोषाखांत, मुलांच्या पाठीवर त्यांच्याहून रुंद दप्तर, मुख्याध्यापक मुलांना लवून नमस्कार करतात. माझ्या शाळेंत पहिलीच्या मुलाला मीं कधीं नमस्कार केल्याचें आठवत नाहीं. आणि पुढच्याच आठवड्यापासून तीं मुलें पायीं, आईबापांवांचून, शाळेंत जाऊं लागलीं. मी पहिले चार दिवस कोपऱ्यावरच्या दुकानाआड उभा राहून पाहत असें. पांचव्या दिवशीं नातीनें मला पाहिलें व घरीं येऊन सक्त मनाई केली.

अक्षरांच्या बाबतींत मात्र माझा पराभव मोठा गोड झाला. नात मोठ्यानें घोकत होती: आ, इ, उ, ए, ओ. पुढें: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मी हातांतलें वर्तमानपत्र खालीं ठेवलें. ही तर आपली वर्णमाला! स्वर आधीं, मग कंठापासून ओठांकडे येणारीं व्यंजनें, शेवटीं य-र-व. ‘सा’च्या जागीं आपला च-वर्ग घ्यावा, आणि त्यांच्या ‘हा’चा प्राचीन उच्चार ‘पा’ होता हें ध्यानांत घ्यावें, म्हणजे ओळ जुळते. बौद्ध भिक्षु मंत्रांसाठीं सिद्धम् लिपि व संस्कृत उच्चार शिकत. कूकाई हा विख्यात आचार्य ८०६ सालीं चीनमधून परतला तो ही विद्या घेऊनच. तिच्या अभ्यासांतून जपानी अक्षरांना हा अनुक्रम आला. त्या संध्याकाळीं एका पानावर मीं दोन्ही माला शेजारीं लिहून दिल्या. पुढचीं चित्राक्षरें मात्र माझ्या आवांक्याबाहेरचीं: पहिल्या वर्षीं ८०, सहा वर्षांत १,०२६.

खरी अडचण आली ती जेवणाची. दुपारचें जेवण शाळेंतच, साऱ्या वर्गाला एकच. आमचें घर शाकाहारी, आणि तेथें भाजीच्या रश्शालाहि वाळविलेल्या मासळीचें पाणी असतें. शाळेनें डबा आणण्याची परवानगी दिली. पण चौथ्या दिवशीं डबा तसाच परत आला. “माझा वास वेगळा येतो,” एवढेंच ती बोलली. मुलानें लगेच भारतीय शाळेचा विषय पुन्हा काढला. सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. शाळा महिन्याभराच्या जेवणाचा तक्ता आगाऊ देते. तो त्यांनीं फळीवर लावला, आणि तक्त्यांत जें असेल त्याच्या रूपाचा शाकाहारी पदार्थ रोज पहांटे उठून करूं लागल्या. त्यांच्या कढीभाताच्या जागीं तशीच दिसणारी बटाट्याची आमटी, माशाच्या तुकड्याच्या जागीं टोफूचा तुकडा. पांच वाजतां उठणाऱ्या त्या मुलीला मदत म्हणून मी आलें किसून देत असें. याहून अधिक उपयोगी काम मीं त्या देशांत केलें नाहीं.

एप्रिलअखेर व मे महिन्याच्या आरंभीं लागून सुट्या येतात. सारा देश तेव्हांच प्रवासास निघतो. १९६४ पासून धांवत असलेल्या शिंकान्सेन गाडीनें आम्ही सव्वादोन तासांत क्योटो गांठलें आणि तेथून नारा येथें गेलों. साकुरा केव्हांच संपली होती. डोंगर पोपटी झाले होते, आणि मुलांच्या सणासाठीं कापडी मासे काठ्यांवर फडकत होते. नारा येथील बुद्धाची ब्राँझची मूर्ति सुमारें पंधरा मीटर उंच आहे. ७५२ सालीं चौथ्या चांद्रमासांत तिचे नेत्र उघडण्याचा विधि झाला. हातीं कुंचला घेऊन डोळे रेखले ते बोधिसेन या भारतीय भिक्षूनें. तो ७३६ सालीं तेथें आला होता. कुंचल्याला लांब दोरे बांधून जमलेल्यांनीं ते हातीं धरले होते. तो कुंचला व दोरा जवळच्या शोसोइन भांडारांत आजहि जपून ठेवलेले आहेत. मूर्तीचें मस्तक मात्र आगींमुळें सतराव्या शतकांत पुन्हा ओतलेलें आहे, तेव्हां बोधिसेनानें रेखलेले डोळे आज दिसत नाहींत.

नातीला मीं हें सारें सांगितलें. तिनें विचारलें, “मग ते परत कधीं गेले?” मी म्हटलें, “गेलेच नाहींत. ७६० सालीं येथेंच वारले.” ती थोडा वेळ मूर्तीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आजोबा, मग ते घरीं कोणाशीं बोलत?” मला सांगतां आलें नाहीं.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही परतलों. शाळेचा निर्णय एका वर्षापुरता ठरला होता. मार्चांत करार नवा झाला कीं पुन्हा बोलावयाचें, असें बापलेकांचें ठरलें. मध्यंतरीं रविवारचा एक तास माझ्याकडे आला. त्यांचे साडेअकरा म्हणजे आपले सकाळचे आठ. त्या वेळीं मी दूरध्वनीसमोर पाटी घेऊन बसतों, आणि ती मला आधीं तिचीं अक्षरें विचारते, मग मी माझीं.