टोपणनावाचा मृत्यू
१९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आठ स्त्रियांनी ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ ही समलिंगी स्त्रियांची संस्था काढली, ती चळवळीसाठी नव्हे. पोलिसांच्या धाडीची धास्ती न बाळगता चार घटका एकत्र बसता यावे, नाचता यावे, एवढ्याचसाठी. पुढल्याच वर्षी ‘द लॅडर’ हे मासिक निघाले. वाचकांना निर्भय व्हा म्हणणाऱ्या संपादिका फिलिस लायन स्वतः मात्र टोपणनावाआड होत्या. ही विसंगती त्यांना सोसवली नाही; काही अंकांतच त्यांनी त्या टोपणनावाचा मृत्यू जाहीर केला. नुसत्या संशयावरून नोकरी जाण्याचा तो काळ! सहचरी डेल मार्टिन यांच्याशी २००४ मध्ये झालेला त्यांचा विवाह न्यायालयाने रद्दबातल ठरविला. जून २००८ मध्ये तो पुन्हा झाला आणि ऑगस्टमध्ये मार्टिन निवर्तल्या. पंचावन्न वर्षांच्या संसाराला कायद्याची मान्यता लाभली, ती जेमतेम दहा आठवडे.