जुन्या डिझेल पिकअपला टर्बोची जोड

अमेरिकेतील डेन्व्हर शहरातून पश्चिमेकडे निघणारा आय-७० महामार्ग रॉकी पर्वत चढत सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. या चढावर अजूनही अधूनमधून ऐंशीच्या दशकातील एखादी डिझेल पिकअप दिसते. मागे तीन-साडेतीन टनांचे फिरते घर किंवा घोड्यांचा ट्रेलर आणि पुढे काळा धूर सोडत धापा टाकणारे इंजिन. नव्या डिझेल पिकअपची किंमत साठ हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच, हिला टर्बो बसवला तर?

गाडी धापा का टाकते, याचे उत्तर हवेत आहे. डिझेल इंजिनात किती इंधन जाळता येईल, हे सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर ठरते. टर्बो नसलेले इंजिन वातावरणाच्या दाबावर जेवढी हवा आत येईल तेवढ्यावरच चालते. बोगद्याच्या उंचीवर हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. म्हणजे ज्या चढावर ताकद सर्वाधिक लागते, तेथेच इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. पंप मात्र पूर्वीइतकेच इंधन देत राहतो. न जळालेले इंधन धूर बनून बाहेर पडते आणि इंजिन तापते.

टर्बोचार्जर ही उणीव भरून काढतो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर एक छोटे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले होते. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेतून हे काम होते, हीच तिची खुबी.

उदाहरणादाखल फोर्डच्या पिकअपमधील इंटरनॅशनल हार्वेस्टरचे व्ही-८ इंजिन घेऊ. १९८३ मध्ये ते ६.९ लिटरचे आले, १९८८ मध्ये ७.३ लिटरचे झाले. टर्बो दोहोंनाही नव्हता. १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो इंजिन आले आणि ओझे ओढण्यात फोर्ड मागे पडू लागली. ही पोकळी बँक्ससारख्या कंपन्यांच्या टर्बो किटनी भरली. फोर्डने स्वतः कारखान्यात टर्बो दिला तो १९९३ मध्ये. गंमत अशी की कागदावर अश्वशक्ती १८५ वरून अवघी १९० झाली. त्या आकड्यावरून टर्बोची परीक्षा करणे चुकीचे ठरेल. कमी फेऱ्यांवरचा ओढ आणि उंचीवर टिकून राहणारी ताकद हा त्याचा खरा लाभ आहे, आणि ट्रेलर ओढणाऱ्याला तोच हवा असतो.

मात्र टर्बो बसवताना फोर्डने इंजिनाच्या आतही हात घातला. पिस्टन बदलले, पिस्टनची पिन जाड केली. किट विकत घेणारा मालक यातले काहीच करत नाही. या जातीच्या इंजिनात हवा मुळातच साडेएकवीस पट दाबली जाते, त्यावर टर्बोचा दाब चढतो. म्हणून जुन्या इंजिनासाठी दाब माफक, वातावरणाच्या दाबाच्या साधारण निम्म्याच्या आसपास, ठेवणे शहाणपणाचे. त्यापुढे गेल्यास हेड गॅस्केट आधी दगा देते. ६.९ लिटरच्या इंजिनात हेडचे बोल्ट ७.३ पेक्षा बारीक आहेत, त्यामुळे त्याच्या मालकाने अधिकच जपावे.

खरा मोह पंपाच्या स्क्रूचा असतो. इंधन न वाढवता नुसती हवा वाढवली तर जळण स्वच्छ होते, धूर घटतो आणि इंजिन थंड राहते. पण स्क्रू थोडा फिरवला की ताकद वाढते, आणखी फिरवला की आणखी. ही ताकद उष्णतेच्या रूपाने व्याज वसूल करते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान दाखवणारा पायरोमीटर ही चैन नव्हे. किट घेताना त्याचे पैसे वाचवणे म्हणजे हजारांच्या इंजिनावर शेकड्यांची काटकसर होय. दीर्घ चढावर हा काटा साधारण १,२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६७५ अंश सेल्सिअसपर्यंत आला की पाय सैल करून खालचा गिअर घ्यावा, असा रूढ दंडक आहे. चढ संपताच इंजिन लगेच बंद करू नये. टर्बोच्या बेअरिंगमधील तेल जागेवरच करपते. दोन-तीन मिनिटे ते मंद चालू द्यावे.

टर्बोपूर्वी इंजिनाची तब्येत तपासणेही ओघाने आले. सिलिंडरचा दाब मोजावा. ज्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत त्याला टर्बो म्हणजे दमेकऱ्याला डोंगर चढायला लावणे. ७.३ लिटरच्या इंजिनाचे एक जुने दुखणेही आहे. सिलिंडरचा व्यास वाढवल्याने भिंती पातळ झाल्या. भिंतीच्या कंपनामुळे कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि बाहेरून लोखंड कोरत जातात. कूलंटमध्ये योग्य रसायन न घालता वर्षे काढलेले इंजिन बाहेरून ठणठणीत दिसले तरी आतून पोखरलेले असू शकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तिच्या तेलासाठी वेगळा कूलर लागतो, कारण वाढलेला ओढ तिलाच सोसायचा असतो.

चढाइतकाच उताराचाही विचार हवा. आयझेनहॉवर बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्न गावाकडे उतरणारा रस्ता ७ टक्के उताराचा आहे आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी तेथे वाळू-खडीचे रस्ते काढून ठेवले आहेत. टर्बोमुळे ब्रेक ड्रम मोठे होत नाहीत, चाके रुंद होत नाहीत आणि उत्पादकाने ठरवलेली ओढण्याची वजनमर्यादा एका किलोनेही वाढत नाही. त्यातच पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेलमध्ये हवेची झडप नसल्याने पाय काढल्यावर इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. म्हणून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे आणि शक्य असेल तर पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक लावणे हा खर्च टर्बोच्या आधीचा समजावा.

कायद्याचे म्हणाल तर उत्सर्जन नियंत्रण निकामी करण्यास अमेरिकेच्या 'क्लीन एअर' कायद्याने बंदी आहे आणि कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाची मान्यता लागते. आपल्याकडे कसारा, खंडाळ्याचे घाट विरळ हवेइतके उंच नाहीत, तरी जुन्या जीपला टर्बो बसवण्याची हौस येथेही आढळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. असा बदल केलेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. तेव्हा गॅरेजवाल्याशी दर ठरवण्यापूर्वी आरटीओत चौकशी केलेली बरी.